मोटारहोमच्या मागे हायब्रिड गाडी न्यायची असेल तर

कॅम्पग्राउंडवर मोटारहोम एकदा लावले, जॅक टेकवले, पाण्याची नळी, विजेची केबल आणि सांडपाण्याचा पाइप जोडला की ते वाहन राहत नाही, घर होते. मग सकाळी दूध संपल्याचे लक्षात आले, तर चार मैलांवरच्या दुकानात जाण्यासाठी ते सगळे घर आवरून रस्त्यावर काढावे लागते. शिवाय अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांमधले कित्येक उत्तम रस्ते मोटारहोमसाठी नाहीतच. ग्लेशियर उद्यानातील गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या डोंगरी टप्प्यावर २१ फुटांपेक्षा लांब वाहनाला बंदी आहे, आणि सिक्वोया उद्यानात जनरल्स हायवेच्या पॉटविशा ते जायंट फॉरेस्ट या नागमोडी भागात २२ फुटांपेक्षा लांब वाहन आणू नये, असे उद्यानाचेच सांगणे आहे. म्हणून लोक मोटारहोमच्या मागे एक छोटी गाडी जोडून नेतात. जहाजाच्या मागे बांधलेल्या होडीवरून तिला ‘डिंगी’ म्हणतात. ‘टोड’ हेही नाव रूढ आहे, कारण ‘ओढलेली’ या अर्थाचा इंग्रजी शब्द आणि बेडकाचे इंग्रजी नाव यांचा उच्चार एकच होतो.

आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. ३१ फुटांचे वापरलेले क्लास सी (व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेले) मोटारहोम घेतले, तेव्हा दारात २०१९ची टोयोटा रॅव्ह-४ हायब्रिड उभी होती. तीच मागे जोडू, एवढा साधा विचार होता. प्रत्यक्षात वर्षभर चौकशा केल्या, दोन चुकीच्या खरेदी केल्या आणि शेवटी गाडीच बदलावी लागली. पुढचे सगळे टप्पे त्या वर्षाच्या अनुभवातून लिहिले आहेत. ते याच क्रमाने पार पाडले, तर एका टप्प्यावर उत्तर नकारार्थी आल्यानंतर पुढचा खर्च वाचतो.

१. ‘न्यूट्रल’ या शब्दावर विसंबू नका

मोटारहोमचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानात आम्हाला सांगितले गेले की, ज्या गाडीला न्यूट्रल आहे ती ओढता येते. जुन्या, हाताने गिअर बदलण्याच्या पेट्रोल गाड्यांबाबत हे बहुतांशी खरे होते. हायब्रिडच्या बाबतीत हे वाक्य धोक्याचे आहे.

टोयोटाच्या प्रियस किंवा रॅव्ह-४ हायब्रिडमध्ये नेहमीच्या अर्थाने गिअरबॉक्सच नसतो. इंजिन आणि दोन विद्युत मोटरी एका ग्रहचक्री गिअरने एकमेकांना कायमच्या जोडलेल्या असतात. त्यांपैकी मोठी मोटर चाकांशी थेट जोडलेली असते, मधे क्लच नसतो. तुम्ही लीव्हर न्यूट्रलवर टाकला म्हणजे संगणकाला ‘मोटरींना वीज देऊ नकोस’ एवढाच निरोप जातो, यंत्राचे दात एकमेकांतून सुटत नाहीत. अशा गाडीची पुढची चाके रस्त्यावर फिरू लागली की मोठी मोटर फिरते, आणि इंजिन थांबलेले असल्यामुळे दुसरी मोटर उलट्या दिशेने फिरते. कायमचुंबक असलेली मोटर बाहेरून फिरवली की ती जनित्र होते आणि वीज तयार करू लागते. त्यातच अनेक मॉडेलांमध्ये तेलाचा पंप इंजिनावर चालतो, म्हणजे इंजिन बंद असताना दात फिरत राहतात आणि वंगण मात्र पोहोचत नाही. टोयोटाच्या मॅन्युअलमध्ये अशा ओढण्याने यंत्रणेचे नुकसान होऊ शकते, इतकेच नव्हे तर मोटरीत तयार झालेल्या विजेमुळे आग लागू शकते, असा इशारा दिलेला आहे. तो घाबरवण्यासाठी घातलेला मजकूर नाही.

मात्र यावरून ‘हायब्रिड कधीच ओढता येत नाही’ असा निष्कर्ष काढणेही चूक ठरेल. फोर्डची एस्केप हायब्रिड आणि मॅव्हरिक हायब्रिड यांची यंत्रणा तत्त्वतः याच कुळातली आहे, तरीही फोर्डने त्या चारही चाके जमिनीवर ठेवून ओढण्यास परवानगी दिलेली आहे. गंमत अशी की, त्याच काळातली साधी पेट्रोल एस्केप मात्र अशी ओढता येत नाही. जीप रँग्लर ४एक्सई हे तिसरे उदाहरण आहे. तिच्यात ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) पूर्ण न्यूट्रलमध्ये टाकता येते आणि त्यामुळे चाकांचा मोटर व इंजिन दोन्हींशी संबंध खरोखरच तुटतो. थोडक्यात, तर्काने उत्तर काढण्याच्या फंदात न पडता तुमच्या गाडीच्या, तुमच्या वर्षाच्या मॅन्युअलमध्ये काय छापले आहे तेवढेच प्रमाण मानावे.

२. मॅन्युअलमधले योग्य पान शोधा

येथे नवखे लोक हमखास चुकतात. मॅन्युअलमध्ये ओढण्याविषयी साधारणपणे तीन वेगवेगळी प्रकरणे असतात. पहिल्यात तुमच्या गाडीने ट्रेलर ओढण्याची माहिती असते, जिचा येथे उपयोग नाही. दुसरे प्रकरण गाडी बंद पडल्यावर टो-ट्रकने ती कशी उचलावी याचे असते. तिसरे, म्हणजे मोटारहोमच्या मागे गाडी नेण्याविषयीचे, हेच आपले पान. टोयोटा त्याला ‘डिंगी टोइंग’ म्हणते, तर फोर्ड आणि जीप ‘रिक्रिएशनल टोइंग’ म्हणतात. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने दुसऱ्या प्रकरणातले ‘कमी वेगाने, थोड्या अंतरापर्यंत ओढता येईल’ हे वाक्य वाचून टो-बार, म्हणजे गाडी मोटारहोमला जोडणारा दांडा, मागवला होता. ते वाक्य बिघडलेली गाडी रस्त्याच्या मधून कडेला नेण्यापुरते असते.

आमच्या रॅव्ह-४च्या पुस्तिकेत ही गाडी मोटारहोमच्या मागे चार चाकांवर ओढण्यासाठी बनवलेली नाही, असे एका ओळीत स्पष्ट लिहिले होते. ती ओळ आम्ही पहिल्या दिवशी वाचली असती तर टो-बारचे परत न घेतले जाणारे पैसे वाचले असते.

वापरलेली गाडी घेत असाल आणि पुस्तिका हरवलेली असेल, तर कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याच मॉडेल-वर्षाची प्रत उतरवून घ्या. विक्रेत्याचे तोंडी आश्वासन, शेजाऱ्याचा अनुभव किंवा ‘आम्ही तीन वर्षे अशीच ओढली, काही झाले नाही’ हे वाक्य यांपैकी काहीही वॉरंटीच्या वेळी उपयोगाला येत नाही. त्या पानाची छापील प्रत गाडीत ठेवावी.

३. तीन पद्धतींपैकी एक ठरवा

चार चाकांवर ओढणे. टो-बारने गाडी मोटारहोमला जोडली जाते आणि तिची चारही चाके रस्त्यावर फिरतात. जोडायला दहा मिनिटे, सोडायला पाच. कॅम्पवर वेगळा ट्रेलर ठेवण्याची कटकट नाही. मॅन्युअल परवानगी देत असेल तर दुसरा विचार करू नये.

डॉली. ही दोन चाकांची छोटी गाडी असते. तिच्यावर आपल्या गाडीची पुढची चाके चढवून पट्ट्यांनी बांधतात आणि मागची चाके रस्त्यावर फिरतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हायब्रिडसाठी, उदाहरणार्थ साध्या प्रियससाठी, हा मार्ग उपलब्ध असतो, कारण तिच्या मागच्या चाकांना मोटर नसते. मात्र सर्व चाकांवर चालणाऱ्या टोयोटा हायब्रिडमध्ये मागच्या आसावर स्वतंत्र मोटर असते आणि तीही चाकांशी कायमची जोडलेली असते. आमची रॅव्ह-४ याच कारणाने डॉलीवरूनही बाद झाली. पुढची चाके उचलून काही उपयोग नव्हता, कारण मागची मोटर फिरतच राहिली असती.

आपल्याकडच्या कुटुंबांसाठी येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. अमेरिकेत टोयोटा सिएना २०२१पासून फक्त हायब्रिडच मिळते, आणि मराठी मंडळाच्या कोणत्याही कार्यक्रमाच्या वाहनतळावर नजर टाकली तर ती किती घरांत आहे हे कळते. ‘व्हॅन तर आहेच, तीच मागे लावू’ हा विचार म्हणूनच अनेकांच्या मनात येतो. सर्व चाकांवर चालणारी सिएना डॉलीवर नेता येत नाही. पुढच्या चाकांवर चालणारी सिएना तत्त्वतः नेता येते, पण तिचे वजन सुमारे ४,६०० पौंड आहे. डॉलीचे सहा-सातशे पौंड त्यात मिळवले की ५,००० पौंडांच्या हिचची (मोटारहोमच्या मागच्या जोडणीच्या भागाची) मर्यादा ओलांडली जाते. सहा-सात जणांची व्हॅन मागे ओढण्यात फारसा अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. उद्यानात फिरायला छोटी गाडीच हवी.

पूर्ण ट्रेलर. चारही चाके ट्रेलरवर, त्यामुळे कोणतीही गाडी चालते. पण उघडा लोखंडी ट्रेलर स्वतःच सुमारे २,००० पौंडांचा असतो, तो कॅम्पवर ठेवायला जागा लागते आणि घरीही लागते.

४. वजनांचे गणित कागदावर मांडा

मोटारहोमच्या दाराजवळ किंवा चालकाच्या आसनाजवळ चिकटवलेल्या पट्टीवर दोन आकडे सापडतील किंवा चॅसिसच्या कागदपत्रांत मिळतील. एक मोटारहोमचे सामानासह कमाल वजन सांगतो, दुसरा मोटारहोम आणि मागची गाडी यांचे मिळून कमाल वजन सांगतो. तिसरा आकडा हिचवर असतो. या तिघांपैकी जो सर्वांत आधी आडवा येतो, तोच तुमची मर्यादा ठरवतो.

आमचे उदाहरण घ्या. मोटारहोम फोर्ड ई-४५० चॅसिसवर, म्हणजे त्या गाडीच्या मूळ सांगाड्यावर, बांधलेले आहे. त्याचे स्वतःचे कमाल वजन १४,५०० पौंड, तर एकत्रित कमाल वजन २२,००० पौंड. चौघे जण, कपडे, भांडीकुंडी, सायकली आणि भरलेल्या टाकीसह आम्ही वजन केले तेव्हा ते १३,९०० पौंड भरले. कागदावर मागे ८,१०० पौंड ओढता यायला हवेत. पण हिचवर ५,००० पौंड असे कोरलेले आहे, त्यामुळे उरलेल्या ३,१०० पौंडांना काही अर्थ नाही. रॅव्ह-४ सुमारे ३,७०० पौंडांची, ट्रेलर २,००० पौंडांचा, बेरीज ५,७००. म्हणजे ट्रेलरचाही मार्ग बंद झाला आणि तेथेच आम्ही ती गाडी विकून वापरलेली २०२१ची एस्केप हायब्रिड घेतली.

वजन अंदाजाने धरू नये. महामार्गांवरील ट्रक थांब्यांवर कॅट स्केल नावाचे वजनकाटे असतात. थोड्या डॉलरांत प्रत्येक आसावरचे वजन छापून मिळते. काट्यावर जाताना प्रवासाला निघतो तसेच भरून जावे. पाण्याचे वजन गॅलनमागे सुमारे ८.३ पौंड असते, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की तीनशे पौंडांहून अधिक भार वाढतो. आणि एस्केपच्या डिकीत खुर्च्या, शेगडी, तांदळाची पिशवी असे सामान टाकण्याचा मोह होतो, तेही हिचच्याच खात्यात जाते.

५. लागणारे साहित्य

चार चाकांवर ओढण्यासाठी पुढील वस्तू लागतात. रोडमास्टर, ब्लू ऑक्स आणि डेम्को ही या क्षेत्रातली जुनी नावे आहेत. शक्यतो टो-बार आणि बेसप्लेट एकाच कंपनीचे घ्यावे.

– बेसप्लेट: गाडीच्या पुढच्या सांगाड्याला बोल्टने बसवतात. टो-बार याला जोडला जातो.
– टो-बार: त्याची क्षमता गाडीच्या सामानासह वजनापेक्षा जास्त हवी.
– सुरक्षा केबल: दोन, एकमेकींवरून फुलीसारख्या जोडायच्या.
– गाडीच्या मागच्या दिव्यांची वायरिंग आणि दोन्ही वाहनांमधली केबल.
– पूरक ब्रेक यंत्रणा (मोटारहोमबरोबर मागच्या गाडीचाही ब्रेक दाबणारी) आणि गाडी सुटल्यास ब्रेक लावणारा ब्रेकअवे स्विच.
– १२ व्होल्ट बॅटरीसाठी चार्जिंगची तार.
– गरज असल्यास हिचची उंची जुळवणारा अडॅप्टर.
– चाकांना लावायचे ठोकळे, जंप स्टार्टर, टायरच्या दाबाचे मापक, रबरी हातोडा.

यांतल्या काही वस्तूंविषयी थोडे अधिक सांगायला हवे.

बेसप्लेट बसवताना बहुतेक गाड्यांचा पुढचा बंपर पूर्ण उतरवावा लागतो. आजच्या गाड्यांत तेथेच रडार आणि हवेच्या झडपा असतात, आणि हायब्रिडमध्ये पुढच्या भागात नारिंगी रंगाच्या केबलही असतात. नारिंगी म्हणजे उच्च दाबाची वीज. हाताशी हत्यारे असली तरी हे काम घरी करू नये, आणि ज्याने हायब्रिडवर हे काम केलेले आहे अशाच कारागिराकडून ते करून घ्यावे.

टो-बार जमिनीला साधारण समांतर राहिला पाहिजे. मोटारहोमचा हिच आणि गाडीची बेसप्लेट यांच्या उंचीत तीन-चार इंचांपेक्षा जास्त फरक असेल तर जोरात ब्रेक लागताच गाडी मोटारहोमच्या खाली घुसण्याचा किंवा वर चढण्याचा प्रयत्न करते. आमचा फरक सहा इंच निघाला, म्हणून अडॅप्टर घ्यावा लागला. अडॅप्टरचीही स्वतःची वजनमर्यादा असते, ती पाहिल्याशिवाय घेऊ नये. आमची दुसरी चुकीची खरेदी हीच.

दिव्यांसाठी गाडीच्या मूळ तारांना थेट जोड देऊ नये. मधे डायोड घालावेत, म्हणजे मोटारहोमकडून आलेली वीज गाडीच्या संगणकात उलटी शिरत नाही.

सर्व साहित्य आणि मजुरी मिळून तीन ते पाच हजार डॉलर धरून चालावे. गाडी निवडण्याआधीच तिच्यासाठी बेसप्लेट मिळते का हे विचारावे. परवानगी आहे पण बेसप्लेट नाही, असेही घडते.

६. पूरक ब्रेक: हायब्रिडसाठी वेगळी चौकशी करा

मोटारहोमचे ब्रेक त्याच्या स्वतःच्या कमाल वजनासाठी बनवलेले असतात. मागच्या साडेतीन हजार पौंडांना थांबवण्याचे काम त्या गाडीच्याच ब्रेकनी केले पाहिजे. अमेरिकेतील बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांच्या वर हे कायद्यानेही आवश्यक आहे. काही राज्यांत मर्यादा त्याहून कमी आहे, म्हणून ज्या राज्यांतून जाणार त्या सर्वांचे नियम निघण्यापूर्वी पाहून घ्यावेत. आपल्याकडे खंबाटकी किंवा कसारा घाट उतरलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. उतारावर मागचे ओझे पुढच्याला ढकलते.

साध्या गाडीत इंजिन बंद असले की ब्रेकचा पॅडल कडक होतो आणि पूरक यंत्रणा त्या हिशेबाने जोर लावते. हायब्रिडमध्ये ब्रेकला मदत करणारी यंत्रणा विजेवर चालते. पॅडल दाबताच ती जागी होऊ शकते, आणि मग अपेक्षेपेक्षा कितीतरी जोरात ब्रेक लागतो व १२ व्होल्टची बॅटरीही झपाट्याने उतरते. म्हणून ब्रेक घेताना ‘हायब्रिडसाठी वेगळी सेटिंग आहे का’ हा प्रश्न विचारावा आणि उत्तर त्या यंत्राच्या पुस्तिकेतून दाखवून घ्यावे. पॅडलवर ठेवायची सुटी पेटी निवडली तर चालकाची सीट सांगितलेल्या ठिकाणीच असायला हवी. कायमची बसवलेली यंत्रणा महाग पडते, पण दर वेळी ठेवण्या-काढण्याचा त्रास राहत नाही. मोटारहोममध्ये चालकासमोर एक छोटा दिवा बसवून घ्यावा, जो मागच्या गाडीचा ब्रेक लागला की पेटतो. तो दिवा ब्रेक न दाबताच पेटलेला राहिला तर ताबडतोब थांबावे, कारण मागे ब्रेक घासत आहेत.

७. कागदपत्रे

दोन्ही वाहनांची नोंदणी आणि विमा चालू असावा लागतो, कारण मागची गाडी स्वतंत्र वाहनच राहते आणि तिची नंबरप्लेट दिसावी लागते. विमा कंपनीला गाडी मोटारहोमच्या मागे नेणार असल्याचे कळवून लेखी उत्तर घ्यावे. रस्त्यात मदत देणारी योजना असेल तर ती मोटारहोम आणि मागची गाडी दोन्ही उचलून नेते का, हे स्पष्ट विचारावे. कॅलिफोर्नियात ४० फुटांपेक्षा लांब मोटारहोमसाठी वेगळ्या वर्गाचा परवाना लागतो, आणि जोडीची एकूण लांबी ६५ फुटांच्या आत असावी लागते. मोटारहोम भाड्याचे असेल तर करारात मागे काही जोडण्यास बहुधा बंदीच असते, ते कलम आधी वाचावे.

८. जोडणी: एकच क्रम, दर वेळी

सपाट, सरळ जागा निवडा. जोडणी करणाऱ्याशी कोणीही गप्पा मारायच्या नाहीत, हा आमच्या घरचा नियम आहे. एकदा शेजारच्या कॅम्पवरचे गृहस्थ चौकशीला आले आणि त्या बोलण्यात ब्रेकअवेची तार जोडायची राहिली, तेव्हापासून हा नियम आहे.

मोटारहोमचा पार्किंग ब्रेक लावा, गाडी हळूहळू मोटारहोमच्या मागे आणून सरळ रेषेत उभी करा आणि चाकांना ठोकळे लावा. टो-बारचे दोन्ही हात बेसप्लेटला जोडून पिना घाला आणि पिनांच्या क्लिपा बसल्या की नाही हे हाताने ओढून पाहा. मग सुरक्षा केबल, दिव्यांची केबल आणि ब्रेकअवेची तार. ब्रेकअवेची तार सुरक्षा केबलभोवती गुंडाळू नये, ती स्वतंत्र आणि वळणावर ताणली जाणार नाही इतकी सैल हवी. त्यानंतर पूरक ब्रेक लावा.

आता गाडीच्या आत. न्यूट्रलची कृती मॅन्युअलमध्ये दिली आहे तशीच, एकही पायरी न गाळता करा. नव्या गाड्यांमध्ये गिअर विजेने बदलतो, आणि चालकाने दार उघडले किंवा गाडी बंद केली की संगणक तिला आपोआप पार्कमध्ये टाकतो. म्हणूनच ओढण्यासाठी न्यूट्रलमध्ये टिकवून ठेवणारी वेगळी सोय दिलेली असते, आणि ती चालू झाल्याचा संदेश पडद्यावर दिसतो. तो संदेश दिसल्याशिवाय बाहेर येऊ नये. आम्ही ही कृती मराठीत लिहून, प्लास्टिकमध्ये घालून स्टिअरिंगला अडकवून ठेवली आहे.

पार्किंग ब्रेक सुटला आहे याची खात्री करा. विजेवर चालणारा पार्किंग ब्रेक काही गाड्यांत पार्कमध्ये टाकताच आपोआप लागतो. डॉलीवर नेताना हा सापळा विशेष महाग पडतो, कारण मागची चाके घासत राहतात आणि पुढे मोटारहोममध्ये काहीच जाणवत नाही. स्वयंचलित लागण्याची सोय आधी बंद करावी. स्टिअरिंग मोकळे फिरते का हेही पाहावे. दार लावण्यापूर्वी दुसरी किल्ली खिशात आहे ना, हे चाचपावे.

ठोकळे काढा. एकाने मोटारहोम अगदी सावकाश वीस-तीस फूट पुढे न्यावे आणि दुसऱ्याने बाजूला उभे राहून दोन गोष्टी पाहाव्यात: टो-बारचे दोन्ही हात पूर्ण ताणून लॉक झाले का, आणि गाडीची चारही चाके फिरत आहेत का. मग ब्रेक, इंडिकेटर आणि मागचे दिवे तपासा. दहा-बारा मैलांवर पहिला थांबा घ्यावा आणि चाकांजवळ हात नेऊन उष्णता पाहावी. एक चाक इतरांपेक्षा फार गरम असेल तर पुढे जाऊ नये.

९. बॅटरीची गफलत

हायब्रिडच्या मोठ्या बॅटरीत कितीही वीज असली तरी न्यूट्रल टिकवणे, स्टिअरिंग मोकळे ठेवणे आणि ब्रेक चालवणे हे सगळे काम छोट्या १२ व्होल्ट बॅटरीवर चालते, आणि ओढत असताना ती चार्ज होत नाही. आमच्या दुसऱ्या सहलीत रात्री महामार्गालगतच्या विश्रांतिस्थळावर गाडी न सोडता तशीच झोपलो. सकाळी तिचा पडदा काळा होता आणि रिमोटने दारही उघडले नाही. सुदैवाने निघण्यापूर्वी फेरी मारण्याची सवय होती. तसेच निघालो असतो तर चाके कोणत्या स्थितीत अडकली आहेत हे आम्हाला कळलेच नसते. त्यानंतर मोटारहोममधून गाडीच्या बॅटरीपर्यंत फ्यूजसह चार्जिंगची तार घालून घेतली. ही तार पहिल्याच दिवशी बसवावी, पर्यायी समजू नये. रात्रीचा मुक्काम असेल तर गाडी सोडून पार्कमध्ये ठेवावी, किंवा निदान सकाळी ती सुरू करून सगळी कृती पहिल्यापासून करावी. हायब्रिडमध्ये ही बॅटरी बऱ्याचदा बॉनेटखाली नसते, डिकीत किंवा आसनाजवळ असते. जंप स्टार्टर नेमका कोठे लावायचा ते घरीच शोधून ठेवावे.

१०. रस्त्यावर

कॅलिफोर्नियात मागे वाहन जोडलेले असले की कमाल वेग ताशी ५५ मैल, आणि उजवीकडची लेन. शिवाय गाडीच्या मॅन्युअलमध्ये ओढण्याची स्वतंत्र वेगमर्यादा दिली असेल तर तीही पाळावी लागते. आमची जोडी सुमारे ५१ फूट लांब होते, म्हणून वळणावर नेहमीपेक्षा पुढे जाऊन मगच स्टिअरिंग फिरवावे लागते. घाट चढण्यापूर्वीच खालचा गिअर घ्यावा, आणि उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नये. वेग वाढला की एकदा ठाम ब्रेक दाबून तो कमी करावा आणि पाय उचलावा.

चार चाकांवर ओढत असताना मागे घेता येत नाही. थोडेही नाही, दहा फूटही नाही. पुढची चाके आडवी वळतात आणि टो-बार किंवा बेसप्लेट वाकते. डॉलीचेही तसेच. म्हणून ज्या जागेतून सरळ बाहेर पडता येणार नाही त्या जागेत शिरू नये. हायवे ९९ वरच्या एका छोट्या पेट्रोलपंपावर आम्ही शिरलो आणि पुढे भिंत निघाली. मागे चार गाड्या हॉर्न वाजवत असताना तेथेच गाडी सोडावी लागली. जोडी तिरकी उभी असल्यामुळे पिनांवर ताण होता आणि त्या निघत नव्हत्या. अशा वेळी हातोड्याने ठोकत बसण्याऐवजी एकाने गाडीत बसून स्टिअरिंग थोडे सरळ करावे आणि मोटारहोम काही इंच पुढे हलवावे, म्हणजे ताण सुटतो. तेव्हापासून ट्रकसाठीच्या पंपांवरच इंधन भरतो, आणि कॅम्पसाइट राखून ठेवताना एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघता येईल अशीच मागतो.

११. सोडणी

मुक्कामी पोहोचल्यावर सगळे दमलेले असतात आणि मुलांना उतरायची घाई असते. उतारावर टो-बार आधी काढला तर न्यूट्रलमधली गाडी चालू लागते. म्हणून आधी ठोकळे लावा, मग गाडीत बसून ती पार्कमध्ये टाका आणि पार्किंग ब्रेक लावा. त्यानंतर पूरक ब्रेक काढा, ब्रेकअवेची तार, दिव्यांची केबल आणि सुरक्षा केबल सोडा, आणि टो-बारच्या पिना सर्वांत शेवटी. पिना आणि क्लिपा लगेच एकाच पिशवीत टाका. गाडी सुरू करून एखादा इशारादिवा पेटतो का ते पाहा, आणि ब्रेक एकदा दाबून तो नेहमीसारखा लागतो याची खात्री झाल्यावरच दुधाला निघा.